चिंचखेड्याच्या बादल्या

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. अडतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बहुतेक बारक्या स्टेशनांचा मास्तर म्हणून. बारक्या स्टेशनात मास्तर म्हणजे राजाच. त्याला उलट बोलणारं कुणी नसतं आणि मग तीच सवय अंगात मुरते. निवृत्त होऊन बन्सीलालनगरात मुलाकडं राहायला आलो, तेव्हा घरात माझं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी जुन्या फोटोंच्या नादी लागलो.

वाळूजला नोकरी करणाऱ्या ऋतुराज नावाच्या एका इंजिनिअरनं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘छोटी लाइन’ नावाचा ग्रुप काढलाय. मनमाडहून आपल्या शहरावरून पुढं जाणारी लाइन पूर्वी मीटर गेज होती. लोक तिला छोटी लाइन म्हणायचे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, तेव्हा काही बारकी स्टेशनं बंद पडली आणि त्यांच्या इमारतींचे दगडसुद्धा लोकांनी नेले. फोटो मात्र घराघरांत राहिले. कुणाचा आजा गार्ड होता, कुणाची मावशी त्या गाडीनं सासरी गेली होती. ग्रुपवर फोटो यायचा आणि खाली प्रश्न असायचा, हे कुठलं स्टेशन? उत्तर मी द्यायचो.

लोक फोटोत माणसं बघतात. मी माणसांच्या मागं बघायचो. डोंगराचा उतार, सिग्नल कुठल्या बाजूला, छपराला कौलं की पत्रा, पाण्याचा नळ कुठं. पाच मिनिटांत नाव सांगायचो आणि मग हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडायचा. मला त्याचं काही नाही असं दाखवायचो आणि दिवसातून चार वेळा उघडून बघायचो.

नोव्हेंबरात जिब्रान नावाच्या तरुणानं एक फोटो टाकला. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. पॉइंट्समनचा, म्हणजे काटेवाल्याचा, कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्याला पटका, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे, आणि छाती काढून उभा असलेला विशीतला एक माणूस. मागं काळ्या दगडाची भिंत, भिंतीला एक खिडकी. खिडकीखाली स्टँडला टांगलेल्या चार बादल्या. फोटोत रंग नसला तरी आगीच्या बादल्या लालच असतात. त्यांचं बूड गोल असतं, म्हणजे कुणी घरी नेऊन पाणी भरू नये. आत वाळू, आणि अंगावर पांढऱ्या रंगात स्टेशनचं कोड. दोन बादल्यांवरचं कोड स्वच्छ वाचता येत होतं. सी-के-डी. चिंचखेडा.

लासूरच्या पुढं हे चिंचखेडा. अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशी अशी चार वर्षं मी तिथं मास्तर होतो. त्याच बादल्या माझ्या काळात मी स्वतः उभं राहून रंगवून घेतल्या होत्या. तीन मिनिटांत उत्तर टाकलं, वर ‘शंका नको’ असंही लिहिलं.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती, ती लपवत नाही. चिंचखेड्याच्या त्या भिंतीला दोन खिडक्या होत्या, फोटोत एकच दिसत होती. पण फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर तेलाचा मोठा डाग होता. दुसरी खिडकी त्या डागाखाली गेली असेल, अशी मी माझीच समजूत घातली. बादलीवर नाव लिहिलेलं असताना खिडक्या कोण मोजत बसतो?

दोन दिवसांनी जिब्रानचा फोन आला. “आजीला तुम्हाला भेटायचंय. तिला जिना उतरवत नाय. येता का?”

गेलो. किराडपुऱ्यात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जिब्रानची आई फहमिदा उर्दू शाळेत शिक्षिका आहे, एकावन्न वर्षांची. तिनं चहा केला. तिची अम्मी जन्नतबी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. हृदय निम्मं निकामी झालेलं, पण जीभ अगदी शाबूत. मला बघून म्हणाली, “मास्तर लई जाडे असत्यात म्हनं. तुमी तर वाळलेले.”

मग तिनं सगळं सांगितलं. सोळाव्या वर्षी तिचं गयासशी लग्न झालं. रोटेगावच्या क्वार्टरमध्ये दोघं पाच महिने एकत्र राहिले. मग ती पहिल्या बाळंतपणासाठी कन्नडला माहेरी गेली आणि इकडं गयासची बदली एका बारक्या स्टेशनावर झाली. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. फहमिदा जन्मली तेव्हा गयासनं पत्राऐवजी हा फोटो पाठवला. आणणाऱ्यानं स्टेशनाचं नाव सांगितलं होतं, पण पोर रडत होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं.

“मी म्हनलं, नाव ध्यानात ठिवून काय करायचं? चाळीस दिस झाले, अंगात ताकद आली, की जायचंच हाय तिथं. तवा कळंल.”

चाळीस दिवसांचे तीन महिने झाले, आणि मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप लागला. चौऱ्याहत्तरचा संप. गाड्या बंद. त्यातच गयासला ताप भरला आणि दोन दिवसांत तो गेला. दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती आणि नंतर घरी आणायलाही नव्हती. तिथंच मूठमाती दिली. कन्नडला निरोप पोहोचायला बारा दिवस लागले, आणि ठिकाण निरोप्यानं फक्त भावाला सांगितलं. वर्षभरानं भावानं जन्नतबीचं दुसरं लग्न लावलं, शहरातल्या एका बिजवराशी. माणूस भला होता. फहमिदाला त्यानं पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पण घरात गयासचं नाव निघालं की तो दोन दिवस बोलायचा नाही. म्हणून जन्नतबीनं ते नाव काढणं सोडलं. फोटो शिलाई मशीनच्या खणात तेलाच्या बाटलीखाली ठेवला. ठिकाण माहीत असलेला भाऊ वारला. नवरा वारला तेव्हा विचारायला मोकळीक मिळाली, पण ज्याला विचारावं असं कुणी शिल्लक नव्हतं.

“ह्यांच्या कबरीच्या बाजूला ह्यांची पहिली बायको हाय,” ती दुसऱ्या नवऱ्याबद्दल म्हणाली. “ह्यांना सोबत हाय. गयास तिथं एकटा पडलाय. मला त्याच्याजवळ जायचंय, मास्तर. नीट बघून सांगा. मेरेकू परायों में नक्को डालो.”

मी म्हणालो, चिंचखेडाच.

“पक्का ना?”

“पक्का.”

थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं. निघताना जिन्यापर्यंत आलो, तर आतून तिसऱ्यांदा हाक आली, “मास्तर, पक्का है ना?” मला राग आला. दारातूनच ओरडलो, “आपा, रेल्वेत कामं अंदाजानं चालत नाहीत!” आत ती हसली. तिला माझा राग आवडला असावा. इतका चिडतोय म्हणजे खरं असणार, असं तिला वाटलं असेल.

जानेवारीत आम्ही तिला गाडीत बसवून चिंचखेड्याला नेलं. स्टेशनची जागा आता नुसती बाभळी. गावाच्या कडेला कब्रस्तान आहे, तिथली देखभाल करणारे एक ऐंशीच्या घरातले म्हातारे भेटले. मी विचारलं, “संपाच्या वर्षी रेल्वेतला एक तरुण माणूस इथंच पुरला होता ना? गयास नावाचा?” म्हातारे बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग गाडीत बसलेल्या जन्नतबीकडं बघितलं. “व्हय, असंल की,” ते म्हणाले. “परगावच्या लोकांच्या कबरी त्या कोपऱ्यात हायेत.” कोपऱ्यात सहा-सात कच्च्या कबरी होत्या, एकीवरही नाव नाही.

आता सगळं दिसतं. प्रश्नातच उत्तर घालून मी ते म्हाताऱ्यांच्या हातात दिलं होतं, आणि एका आजारी बाईचं मन मोडू नये म्हणून त्यांनी ते घेतलं. पण त्या दिवशी मी फहमिदाकडं वळून म्हणालो, “बघा!”

जन्नतबी आत गेली नाही. फाटकाशी गाडीतच बसून तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, दुवा मागितली आणि त्या कोपऱ्याकडं बघत राहिली. परतताना वाटभर बडबडत होती. गयासला वांगी आवडायची नाहीत, तो झोपेत हसायचा, असलं काहीबाही. पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं त्या तासाभरात सगळं बाहेर आलं. फहमिदानं बापाबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा एवढं ऐकलं.

मार्चमध्ये, रमजानात, जन्नतबी गेली. गावातल्या मुस्लिम जमातीनं आधीच होकार दिला होता. दुपारनंतर चिंचखेड्याच्या त्या कोपऱ्यात तिला मूठमाती दिली. मीही तीन मुठी माती टाकली. आणि खरं सांगतो, मला त्या वेळी अभिमान वाटला. एका बाईला तिच्या माणसाजवळ पोहोचवलं, असं मी घरी येऊन सुनेला दोनदा सांगितलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ग्रुपमधले दहा-बारा जण स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर जमले होते. ऋतुराज म्हणाला, “काका, एखादा जुना किस्सा होऊन जाऊ द्या.” मला एवढंच लागतं. इन्स्पेक्शनचा किस्सा काढला.

वर्षातून एकदा, जानेवारीत, मोठे साहेब खास गाडीनं लाइन तपासायला यायचे. प्रत्येक बारक्या स्टेशनात काही थांबायचे नाहीत. बोरदऱ्याला मात्र हमखास, कारण तिथं पूल होता. चिंचखेड्याच्या पुढचं स्टेशन म्हणजे बोरदरा. आता बोरदऱ्याच्या मास्तरकडं धड काही नव्हतं. त्याच्या बादल्यांची बुडं गंजून वाळू गळायची. मग आदल्या दिवशी आजूबाजूच्या स्टेशनांमधून पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, माल चढायचा. कुणाकडून कुंड्या, कुणाकडून चालू घड्याळ. माझ्याकडून चार बादल्या, दरवर्षी. साहेब गेले की माल परत. ही पद्धत मी सुरू केली नव्हती, माझ्या आधीपासून चालत आली होती. एका वर्षी साहेबांनी बादलीवरचं कोड वाचलं आणि बोरदऱ्याच्या मास्तरला विचारलं, “आपण कुठल्या स्टेशनात उभे आहोत?” तो बिलंदर म्हणाला, “साहेब, स्टेशन बोरदराच आहे. बादल्या पाहुण्या आल्यात.”

सगळे खो खो हसले. एकाला तर चहाचा ठसका लागला. मीही हसत होतो. आणि हसता हसता माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

कडक इस्त्रीचा गणवेश. नवा पटका. एरवी पॉइंट्समन असा उभा असतो का? आणि बारक्या स्टेशनात फोटोग्राफर येतो कधी? साहेबांबरोबर येतो. जानेवारीत.

कप खाली ठेवला, काही न बोलता टपरीमागं गेलो आणि मोबाइलवर तो फोटो उघडून मोठा केला. गयासच्या पायांपाशी फलाटाच्या कडेचे दगड ताज्या चुन्यानं पांढरे केलेले होते. चुना फक्त साहेब येणार असले की मारायचे. आणि तेलाचा डाग मोठा करून बघितला, तर त्याखाली नुसती भिंत होती, सलग दगडांची. खिडकी तिथं नव्हतीच. चिंचखेड्याला दोन, बोरदऱ्याला एक. हे मला पाठ होतं.

ऋतुराज मागून आला. त्याला सगळं सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, “काका, राहू द्या ना. त्या समाधानानं गेल्या. आता सांगून कुणाचं काय भलं होणार आहे?”

त्याचं म्हणणं मला पटलं. मला पटावंसंच वाटत होतं. चार दिवस मी तेच धरून बसलो. जेवण जाईना, सुनेवर दोनदा विनाकारण ओरडलो. कानात एकच, पक्का है ना, मास्तर? शेवटी स्वतःलाच म्हणालो, अजून नक्की कुठं आहे? परत चूक नको. आधी बघून तर ये.

एकटाच बोरदऱ्याला गेलो. जुन्या पुलाचे खांब आहेत, स्टेशन नाही. स्टेशन होतं तिथून हाकेच्या अंतरावर शेतात एक घर आहे. ओसरीवर एक म्हातारी शेंगा निवडत होती. नाव साळूबाई. या वेळी मी शब्द तोलून वापरले. एवढंच म्हणालो, “बाई, मी रेल्वेत होतो. इथल्या स्टेशनातली जुनी माणसं आठवतात का तुम्हाला?”

“न आठवाया काय झालं?” ती म्हणाली. “लगीन होऊन आले तवा समदं इथंच व्हतं. मास्तर व्हते, दोन काटेवाले व्हते. येक बिचारा इथंच गेला. संपाचा वक्त व्हता.”

मी विचारलं नव्हतं. तीच सांगत गेली.

“लई ऊन व्हतं त्या साली. मास्तर निघून गेला, पर ह्यो गडी गेला नाय. चाव्या माझ्याकडं हायेत म्हनायचा. ताप भरला तर मीच पानी नेऊन द्यायचे. पोरगी झालीया म्हनून सांगत व्हता, अजून बघितली नाय म्हनं. दोन दिसांत गेला. गावात मुसलमानाचं येक बी घर नाय. आमचे सासरे रुळावरनं चालत रोटेगावला गेले आन त्यांच्यातली चार माणसं घिऊन आले. त्यांनी त्यांच्या रीतीनं समदं केलं. जागा सासऱ्यांनी दिली, आमच्या रानात. या, दावते.”

ती काठी घेऊन पुढं चालू लागली. शेत नांगरून पडलं होतं, ढेकळंच ढेकळं. मधोमध एक तुकडा तेवढा नांगरायचा राहिलेला होता, त्यावर वाळकं गवत. त्या तुकड्यात एका बाजूला कबर होती, कडेनं रेल्वेची खडी रचलेली. दुसरी बाजू मोकळी होती. तेवढीच लांब, तेवढीच रुंद.

“ही बाजू?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“ती बायकोची,” साळूबाई म्हणाली. “सासरे म्हनले, तरना गडी, बायको बाळंतीन हाय, आज ना उद्या येईल. मागनं मेली तर तिला जागा नगं का? तवापासून औत इथनं वळवून घेतात. सासरे गेले, मालक गेले, आता माझा पोरगा टॅक्टर वळवून घेतो. कुरकुरतो, पर घेतो.” मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, “तुमी त्यांच्यातले का? बायको हाय का आजून?”

मी म्हणालो, “मार्चमध्ये गेली.”

“मग आणली का नाय हितं?”

बहात्तर वर्षांचा माणूस, त्या ढेकळांत मटकन खाली बसलो आणि रडलो. साळूबाईला काही कळलं नाही. तिनं पाणी आणून दिलं.

तिथून थेट किराडपुऱ्याला गेलो. उशीर केला असता तर परत ऋतुराजचं बोलणं पटलं असतं. फहमिदा उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मला बघून उठायला लागली. म्हणालो, “बस, चहा नको.” आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बादल्या, खिडकी, चुना, साळूबाई, सगळं. मोकळी ठेवलेली जागा तेवढी सांगू नये असं वाटेत ठरवलं होतं. तेही सांगितलं. सुरुवात केल्यावर मला मध्येच थांबता आलं नाही.

तिनं लाल पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ ते टोपण दाबत राहिली.

“खिडकी कमी दिसली होती तुम्हाला?” तिनं विचारलं.

“हो.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच.”

“अम्मीनं तीनदा विचारलं होतं, चाचा.”

मी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तापट माणूस, मला ओरडणं कळतं. हे असं शांत बोलणं मला सोसवेना. मी म्हणालो, “काही करता येईल का? तिकडं हलवायचं म्हटलं तर...”

“नाय. एकदा माती दिली की दिली,” ती म्हणाली. “पुन्हा उघडत नाहीत.” ती उठली, ओढणी घेतली. “तुमची गाडी खाली आहे ना? चला.”

“बोरदऱ्याला?”

“आधी चिंचखेड्याला. तिला सांगा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तोवर ती जिना उतरायलाही लागली होती. “तुम्ही सांगायचं, चाचा. तिनं मला नव्हतं विचारलं. तुम्हाला विचारलं होतं.”

दीड तासाची वाट. लासूर गेलं, कांद्याच्या चाळी गेल्या. चिंचखेड्याला पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. फहमिदा कब्रस्तानाच्या फाटकाशी थांबली, तिची अम्मी थांबली होती तिथंच. त्यांच्यात बायका आत जात नाहीत. मी एकटाच गेलो. ते म्हातारे लिंबाखाली बसले होते, त्यांनी हात वर केला. मी बघितलं न बघितलंसं केलं.

जन्नतबीच्या कबरीवरची माती अजून नवी होती. शेजारच्या कबरीत कोण आहे ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुणाचा तरी बाप असेल, कुणाची तरी आई. त्याच्या शेजारी मी हिला आणून ठेवलं होतं, नावगाव न विचारता, आणि वर ‘शंका नको’ म्हणून लिहून दिलं होतं.

तिथं काय बोलतात, कसं बोलतात, मला ठाऊक नव्हतं. चपला काढल्या.

“आपा,” मी म्हणालो, “मी मास्तर. गयास इथं नाही. तो बोरदऱ्याला आहे. इथून आठ किलोमीटर. पॅसेंजरला बारा मिनिटं लागायची. तिथं त्यांनी तुमची जागा राखून ठेवली होती. चूक माझी झाली. मी तुम्हाला एक स्टेशन आधीच उतरवलं.”

पुढं माफी मागायची होती, पण मागितली नाही. माफ करायला समोर कुणी नसताना माफी मागणं मला लबाडी वाटली. चपला हातात घेतल्या आणि परत आलो.

फहमिदा फाटकाचा गज धरून उभी होती. ओढणीचं टोक तोंडावर दाबलेलं. वाटभर दाबलेलं रडू आता मोकळं झालं होतं, आणि ती ते लपवत नव्हती.

“सांगितलं?”

“सांगितलं.”

तिनं तोंड पुसलं. एकदा आतल्या कोपऱ्याकडं बघितलं आणि गाडीचं दार उघडून बसली. मी किल्ली लावली तरी मला गाडी चालू करवेना. एकावन्न वर्षांची बाई, बापाला कधी न पाहिलेली, समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती.

“आता बोरदऱ्याला घ्या,” ती म्हणाली. “ती येणार नाही, हे अब्बूंना मी सांगते.”